सकाळी आठचं कॉर्टिसोल

‘यात स्टेरॉइड तर नाही ना?’ आमच्या नागपुरात मानेवाड्याकडच्या औषधाच्या दुकानात हा प्रश्न मी कितीदा तरी ऐकला आहे. विचारणाऱ्याच्या हातात डॉक्टरांची चिठ्ठी असते, चिठ्ठीवर प्रेडनिसोलोन लिहिलेलं असतं आणि आवाजात भीती असते. त्याच काउंटरवर थोड्या वेळाने कॉलेजातला एखादा पोरगा येतो आणि चिठ्ठीबिठ्ठी नसताना खाजेची ट्यूब मागतो. ट्यूबवर बारीक अक्षरांत क्लोबेटासॉल लिहिलेलं असतं. त्वचेवर लावायच्या स्टेरॉइडांमध्ये याच्याइतकं जोरकस क्वचितच दुसरं असेल. तो वाचत नाही, त्याला कुणी सांगतही नाही. पैसे देऊन निघून जातो.

एकाच औषधाची एवढी धास्ती आणि त्याच्याचबाबत एवढी बेफिकिरी एकाच गावात शेजारी शेजारी नांदतात, हे मला फार खुपतं. मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी दरवर्षी फळ्यावर काढते, त्यांच्या बाहेरच्या थरातून कॉर्टिसोल स्रवतं हे मुलांकडून घोकून घेते. पण या ग्रंथी म्हणजे काय चीज आहे, हे मला उमगलं ते सासूबाईंच्या आजारपणात.

आईंचं वय सत्तरीपुढचं. एका हिवाळ्यात त्यांचे खांदे आणि मांड्या जखडायला लागल्या. सकाळी उठून बसायलाच कुणाचा तरी हात लागायचा. वेणी घालता येईना, पदर खांद्यावर टाकता येईना. ‘अगं, हात वरच होऊन नाही राहिले माझे,’ म्हणायच्या आणि गप्प बसायच्या. दुपारपर्यंत अंग जरा मोकळं व्हायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. येणारा-जाणारा म्हणायचा, वात आहे. काटोलकडच्या एका नातेवाइकांनी मोठ्या मायेने वाताच्या पुड्या आणून दिल्या. ‘दोन पुड्यांत उठून चालतील बघा,’ असं सांगितलं. मी त्या पुड्या दिल्या नाहीत, कारण दोन दिवसांत कुठलाही वात पळवणाऱ्या अशा बिननावाच्या भुकटीत बरेचदा डेक्सामेथासोन कुटून घातलेलं असतं. देशातल्या तपासण्यांमध्ये हे पुन्हा पुन्हा सापडलं आहे. घेणाऱ्याला वाटतं आपण जडीबुटी घेतो. स्टेरॉइडला सर्वांत जास्त भिणारी माणसं अशा पुड्यांमधून वर्षानुवर्षं स्टेरॉइडच खात असतात, आणि किती खातात याचा हिशेब कुणाकडेच नसतो.

धंतोलीतल्या डॉक्टरांनी आईंना नीट तपासलं. डोकं दुखतं का, घास चावताना जबडा दुखतो का, नजर अंधारते का, असं बारकाईने विचारलं. रक्तातला ईएसआर, म्हणजे अंगातला दाह दाखवणारी चाचणी, बराच वाढलेला होता. निदान झालं पॉलिमायाल्जिया ऱ्हुमॅटिका. पन्नाशीनंतर होणारा हा आजार. औषध म्हणून रोज सकाळी नाश्त्यानंतर 15 मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन. गोळी इतकी स्वस्त, की हिच्याने काय होणार असं वाटावं. दोन-चार दिवसांत आई स्वतःच्या हाताने वेणी घालून स्वयंपाकघरात आल्या. घरात सगळे हरखले. मला मात्र आनंदाबरोबर धडकीही भरली. एवढ्या झपाट्याने एवढं बदलवणारी वस्तू अंगात आणखी काय काय बदलत असेल?

असाच चमत्कार सप्टेंबर 1948 मध्ये डॉक्टरांनी पहिल्यांदा पाहिला होता. अमेरिकेतल्या मिनेसोटामधलं मेयो क्लिनिक. आपलं नागपूरचं मेयो रुग्णालय वेगळं. तिथे आमवाताने अंथरुणाला खिळलेल्या एका 29 वर्षांच्या बाईला डॉक्टर फिलिप हेंच यांनी कॉर्टिसोनची, म्हणजे कॉर्टिसोलच्याच एका भावंडाची, इंजेक्शनं सुरू केली. थोड्याच दिवसांत ती बाई चालत बाजारहाट करायला बाहेर पडली. हेंच कितीतरी वर्षं एका गोष्टीचा माग काढत होते: कावीळ झाली किंवा दिवस गेले की आमवाताच्या काही रुग्णांचे सांधे आपोआप बरे वाटू लागतात. म्हणजे शरीरात कुठेतरी हे औषध तयार होत असणार. त्यांचेच सहकारी एडवर्ड केंडल आणि स्वित्झर्लंडमधले टाडेयुश राइखश्टाइन अधिवृक्क ग्रंथींमधली द्रव्यं वेगळी काढण्यात गुंतले होते. तिघांना मिळून 1950 साली नोबेल मिळालं. औषध पहिल्यांदा दिल्यापासून नोबेलपर्यंत दोनच वर्षं! मात्र तोवर हेंच यांच्या रुग्णांचे चेहरे गोल होऊ लागले होते, आणि इंजेक्शन थांबवलं की दुखणं परत येत होतं. चमत्काराची किंमत त्यांना पहिल्या काही महिन्यांतच कळली होती.

ही किंमत का द्यावी लागते, ते मुळापासून समजून घेतलं की भीती थोडी कमी होते आणि काळजी जास्त नेमकी होते. कॉर्टिसोल आपलं शरीर कोलेस्टेरॉलपासून बनवतं. (व्यायामशाळेतले दंड फुगवणारे स्टेरॉइड वेगळे. रेणूचा सांगाडा सारखा, काम निराळं.) पहाटे आपण झोपेत असतानाच रक्तातलं कॉर्टिसोल वाढू लागतं, उठायच्या सुमारास शिखरावर पोचतं आणि मध्यरात्रीपर्यंत उतरत जातं. प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन, बुडेसोनाइड ही याच कॉर्टिसोलची माणसाने घडवलेली भावंडं. रेणू स्निग्ध असल्यामुळे पेशीच्या आवरणातून आरपार आत जातो. आत एक ग्राही, म्हणजे त्याला पकडणारं प्रथिन, त्याची वाट पाहत असतो. दोघं जोडीने पेशीच्या केंद्रकात शिरतात आणि थेट जनुकांच्या कामकाजात हात घालतात. दाह पेटवणारे संदेश ज्या जनुकांवरून निघतात ती दबतात, दाह विझवणारी काही जागी होतात. सूज उतरते, दुखणं थांबतं. हे सगळं जनुकांच्या पातळीवर घडतं, म्हणून पुरता परिणाम दिसायला काही तास जातात.

खरी गोम पुढे आहे. हा ग्राही शरीरातल्या जवळपास प्रत्येक पेशीत असतो. सुजलेल्या खांद्यात असतो तसाच यकृतात, हाडात, कातडीत, मेंदूत आणि डोळ्यातही असतो. गोळी रक्तात उतरली की ती खांद्याचा पत्ता विचारत फिरत नाही. यकृताला ती साखर बनवायला सांगते, स्नायूंना प्रथिनं मोडायला सांगते, हाडं बांधणाऱ्या पेशींना मंद करते, आतड्यांतून कॅल्शियम कमी शोषू देते. संकटाच्या प्रसंगी शरीर स्वतःच हे करतं. ताबडतोब ऊर्जा हवी असते, दुरुस्तीची कामं तात्पुरती थांबवायची असतात. संकट टळलं की कॉर्टिसोल ओसरतं. गोळी रोज घेतली की शरीराला महिनोन्‌महिने संकटातच राहिल्यासारखं होतं. म्हणून स्टेरॉइडचे फायदे एका बाजूला आणि दुष्परिणाम दुसऱ्या बाजूला अशी फाळणी मला खोटी वाटते. दोन्ही एकाच कामाचे परिणाम आहेत. कुठल्या पेशीत घडतात आणि किती काळ घडतात, एवढाच फरक.

आईंच्या बाबतीत हे पान पान उलगडत गेलं. आधी भूक वाढली. एरवी अर्धी पोळी ठेवून उठणाऱ्या आई दुपारी सांबारवडी मागू लागल्या, आणि घरात कुणी आणली असली तर संत्रा बर्फीही. मग झोप उडाली. रात्री दोनला कपाटं आवरायच्या, भाच्यांना फोन करायचा म्हणायच्या. चेहरा भरला. बांगडी घासली तरी मनगटाच्या वर जांभळे डाग उठायचे, कारण कातडी पातळ होऊन खालच्या रक्तवाहिन्या उघड्यावर आल्या होत्या. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व सुरू केलं होतं, हाडांची घनता मोजून घेतली होती, छातीचा एक्स-रे पाहिला होता. एक्स-रे कशाला, असं आमच्या घरात सगळ्यांना वाटलं. आपल्या देशात कितीतरी लोकांच्या अंगात क्षयाचे जंतू झोपलेले असतात आणि प्रतिकारशक्ती दबली की ते उठू शकतात. तेवढ्यासाठी.

साखरेचं एक मात्र प्रत्येकाला ओरडून सांगावंसं वाटतं. सकाळी प्रेडनिसोलोन घेणाऱ्याची उपाशीपोटीची साखर बरेचदा अगदी सरळ येते. वाढते ती दुपारच्या जेवणानंतर, संध्याकाळपर्यंत. आईंची उपाशीपोटीची चाचणी नॉर्मल आली म्हणून आम्ही सगळे निर्धास्त होतो. जेवणानंतरची केली तेव्हा ती अडीचशेच्या पुढे निघाली. घरात ग्लुकोमीटर असेल तर दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी बोट टोचावं. या गोळीचं खरं चित्र तिथे दिसतं.

आता गोळी बंद करण्याविषयी. याच्यापायी माणसं दगावतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते. महाल भागातल्या जुन्या वाड्यांमध्ये अंगणात विहीर असायची. घरी नळ आला, विहिरीचा उपसा थांबला, आणि उपसा थांबलेल्या विहिरीचे झरे गाळाने बुजत गेले. मग नळ एका दिवशी अचानक बंद पडला तर विहिरीवर घागर घेऊन जाण्यात अर्थ नसतो. अधिवृक्क ग्रंथींचं तसंच होतं. रक्तात बाहेरून भरपूर स्टेरॉइड येतंय असं दिसलं की मेंदूतला हायपोथॅलॅमस आणि त्याच्या हाताखालची पियुषिका ग्रंथी अधिवृक्क ग्रंथींना हुकूम पाठवायचं थांबवतात. हुकूम नाही म्हणून ग्रंथी काम सोडतात आणि हळूहळू आक्रसतात. तीन-चार आठवड्यांपेक्षा जास्त दिवस गोळी चालली असेल तर हे घडलंय असंच धरून चालायचं. शरीर रोज जेवढं कॉर्टिसोल बनवतं ते साधारण 4 ते 5 मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनच्या तोडीचं असतं. म्हणून 15 वरून 10 वर येणं तसं सोपं. पाचाच्या खाली उतरताना मात्र एकेक मिलिग्रॅम महिन्या-महिन्याने कमी करायचा, कारण आता जे कमी पडेल ते ग्रंथींनी भरून काढायचं असतं, आणि त्यांना जागं व्हायला महिने लागतात. कधी वर्षही.

आमच्या गल्लीतल्या एका काकांना पेम्फिगस होता. अंगभर फोड येणारा हा त्वचेचा आजार स्टेरॉइडांच्या आधी बहुतेकांचा जीव घ्यायचा. काका गोळ्यांवर छान सावरले होते. मे महिन्यात एका लग्नात नातेवाइकांनी त्यांना घेरलं. ‘काऊन खाता जी ते विष, फेकून द्या,’ असं चार जणांनी सांगितलं आणि काकांनी घरी येऊन खरंच गोळ्या फेकल्या. काही दिवसांनी त्यांना उठवेना. उलट्या, चक्कर, खाण्यावरची वासना गेलेली. नागपूरच्या मे महिन्यात असं झालं की निदान आधीच ठरलेलं असतं: ऊन लागलं. कैरीचं पन्हं झालं, कांद्याचा रस तळव्यांना चोळून झाला. शेवटी दवाखान्यात नेलं तेव्हा रक्तदाब खूप खाली, साखरही खाली. एका तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, ‘इतक्यात कुठली गोळी बंद केली का?’ त्या एका प्रश्नाने काका वाचले. सलाइन आणि हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन मिळालं, आणि दुसऱ्या दिवशी ते बसून चहा पीत होते. त्या बाईंचं मला फार कौतुक वाटतं. पंचेचाळीस अंशांच्या गावात उन्हापलीकडे पाहायला शिकणं सोपं नाही.

ज्यांना स्टेरॉइडचं नाव नको वाटतं त्यांना मी 2020 चा जून आठवायला सांगते. ऑक्सफर्डच्या रिकव्हरी चाचणीचा निकाल आला होता. रोज 6 मिलिग्रॅम डेक्सामेथासोन, फार तर दहा दिवस. व्हेंटिलेटरवरच्या कोविड रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले, नुसत्या ऑक्सिजनवर असलेल्यांचे एक पंचमांशाने. कोविडमध्ये मृत्यू कमी करणारं ते पहिलंच सिद्ध झालेलं औषध, आणि तेही जुनं आणि गरिबालाही परवडणारं. त्याच निकालात दुसरं वाक्यही होतं: ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना फायदा दिसला नाही. 2021 च्या एप्रिलमध्ये, आपल्या शहरात एकेका खाटेसाठी वणवण चाललेली असताना, हे दुसरं वाक्य हरवलं. व्हॉट्सअ‍ॅपवर चिठ्ठ्या फिरल्या आणि तापाच्या पहिल्याच दिवशी लोकांनी गोळ्या सुरू केल्या. साखर कुणी मोजली नाही. मग मे महिन्यात म्युकर, म्हणजे म्युकरमायकोसिस हा बुरशीचा आजार, आला. कुणाचा डोळा गेला, कुणाचा वरचा जबडा काढावा लागला. आमच्या ओळखीत असं घर आहे. अजून त्या घरी गेले की नजर कुठे ठेवावी कळत नाही.

शिक्षक म्हणून त्या दिवसांत एका गोष्टीने मला पार हलवून टाकलं. म्युकरमायकोसिस करणाऱ्या बुरशींमध्ये सर्वांत जास्त सापडते ती ऱ्हायझोपस. शिळ्या भाकरीवर काळपट केसाळ थर धरणारी तिचीच जवळची बहीण मी वर्गात दरवर्षी दाखवते. सुरुवातीला कॉर्टिसोन बैलांच्या पित्तापासून बनवत, तीसहून जास्त पायऱ्यांनी. ते सोन्याहून महाग होतं. 1952 मध्ये अपजॉन कंपनीतल्या पीटरसन आणि मरे यांनी दाखवून दिलं, की त्यातली सर्वांत अवघड पायरी एक बुरशी एका झटक्यात पार करते. रेणूच्या अकराव्या कार्बनवर ऑक्सिजन बसवण्याची ती पायरी, आणि ती बुरशीही ऱ्हायझोपसच. कच्चा माल मेक्सिकोतल्या रानकंदांमधून मिळू लागला होता. किंमत कोसळली आणि हे औषध जगभरच्या सरकारी दवाखान्यांत पोचलं. ज्या कुळातल्या बुरशीने ते गरिबांच्या हातात दिलं, त्याच कुळाने ते मोजमाप न ठेवता घेणाऱ्यांचे डोळे नेले.

विदर्भात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते, ती पुण्या-मुंबईत सहसा कुणी सांगत नाही. आपल्याकडे सिकलसेलची, म्हणजे तांबड्या पेशी विळ्यासारख्या होणाऱ्या आनुवंशिक रक्ताच्या आजाराची, घरं पुष्कळ आहेत. या आजारात मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा तुटून ते हाड सडण्याचा धोका मुळातच असतो. जास्त मात्रेचं स्टेरॉइड हाच धोका वाढवतं. शिवाय अशा रुग्णांत स्टेरॉइडनंतर वेदनेचा झटका उलटून येऊ शकतो. म्हणून अंगदुखीसाठी गावात कुणी ‘एक डेक्सा मारून देतो’ म्हणाला, तर सिकलसेलच्या माणसाने हात मागे घ्यावा आणि आजार आधी सांगावा.

मलमाचंही तसंच. घामाने जांघेत गजकर्ण होतं, स्टेरॉइडची मिश्र ट्यूब लावली की खाज दोन दिवसांत थांबते. बुरशी मात्र मजेत वाढते, कारण तिला रोखणारा दाहच आपण विझवलेला असतो. ट्यूब थांबवली की दुप्पट पसरते. चेहरा उजळावा म्हणून हीच मलमं लावणाऱ्या मुली माझ्या वर्गात येतात. गाल लाल, कातडी पातळ, उन्हात गेलं की आग. 2018 मध्ये सरकारने ही मलमं चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत घातली. यादी कागदावर आहे. मी मुलींना ट्यूब वर्गात आणून मागचं वाचायला लावते.

उलट दम्याच्या पंपाला लोक नाहक भितात. पंपातल्या एका दाबात बुडेसोनाइड असतं साधारण 200 मायक्रोग्रॅम, म्हणजे मिलिग्रॅमचा पाचवा भाग, आणि तोही थेट फुप्फुसात जातो. ओढून झाल्यावर चूळ भरली की तोंडात बुरशी धरायचा धोकाही कमी. तो टाळून दर हिवाळ्यात गोळ्यांचे कोर्स घेणारी माणसं कितीतरी पट जास्त स्टेरॉइड पोटात घालतात. आणि दिवस भरायच्या आधी कळा सुरू झालेल्या बाईला आपल्या डागा रुग्णालयात किंवा मेडिकल कॉलेजात डेक्सामेथासोनची इंजेक्शनं देतात, ती बाळाची फुप्फुसं लवकर पिकावीत म्हणून. न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हॉवी यांनी 1972 मध्ये हा उपाय दाखवून दिला. हातात मावतील अशी बाळं त्यामुळे श्वास घेतात. ते आठवलं की या औषधाला विष म्हणणं माझ्या जिवावर येतं.

आई आता 4 मिलिग्रॅमवर आहेत. ग्रंथी कितपत जाग्या झाल्या हे पाहायला डॉक्टरांनी सकाळी आठची कॉर्टिसोल चाचणी सांगितली, त्या दिवशीची गोळी घ्यायच्या आधी. निकाल दहाच्या वर आला तर गोळी थांबवता येईल, पाचाच्या खाली आला तर ग्रंथी झोपलेल्याच, असं त्यांनी आधी समजावलं होतं. आला सात. ‘पास नाही, नापासही नाही,’ आई म्हणाल्या आणि पुढची तारीख विचारून घेतली. संक्रांतीनंतर पुन्हा बघायचं.

मधल्या काळात डाव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला आहे. वय आणि गोळी, दोघांचाही त्यात हात असावा. ऑपरेशन फेब्रुवारीत धरलंय. डोळ्यांच्या डॉक्टरांना द्यायच्या कागदावर मी सगळ्यात वर ठळक अक्षरांत लिहिलं आहे: प्रेडनिसोलोन कधी सुरू झालं, सर्वांत जास्त किती होतं, आज किती आहे, शेवटचं कॉर्टिसोल किती आलं, ताप आला, उलट्या झाल्या किंवा शस्त्रक्रिया असली तर मात्रा थांबवू नये, वाढवावी लागेल, आधी यांच्या डॉक्टरांना फोन करावा. त्याचीच एक झेरॉक्स आईंच्या पर्समध्ये आहे आणि एक काकांनी त्यांच्यासाठी मागून नेली.